तुरटीच्या पाण्याने खालची आग विझत नाही

सांगली-मिरजेकडच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. खाली सतत आग होते म्हणजे आत वाईट जंतू झालेत, तुरटी-हळदीच्या पाण्याने आतून धुवा, दही भरा, पांढरं जाणं थांबवा, नाहीतर हाडं झिजतील. आमच्या मावशीनेही तो ‘करून बघ’ म्हणत पुढे ढकलला, तेव्हा आता लिहिणं भाग आहे.

हाडांचं आधी उरकते. पांढरं पाणी हाडांतून येत नाही. योनी आणि गर्भाशयाच्या तोंडाचा तो नेहमीचा स्राव असतो. वास किंवा रंग बदलला, खाज सुटली, तर तपासून घ्या.

आता तुरटी. पाळीच्या वयात योनीचा पीएच (आम्लतेचं माप; 7 च्या खाली म्हणजे आम्ल) साधारण 3.8 ते 4.5 असतो. तो तसा राखतात लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू, लॅक्टिक आम्ल तयार करून. आत पाणी मारलं की हीच राखण विस्कटते आणि बॅक्टेरियल व्हजायनोसिसला (योनीतल्या जंतूंचा तोल बिघडण्याला) वाट मिळते: पातळ करडा स्राव, मासळीसारखा वास. म्हणजे ज्या भीतीने धुतलं, तेच ओढवून घेतलं! वर तुरटी कातडी आकसवते, कोरडी पाडते. आधीच चरचरणाऱ्या जागी ती आणखी झोंबते. सांगलीची हळद नावाजलेली आहे, म्हणून ती कुठेही घालायची नसते. बाहेरून साधं पाणी पुरे, आतून काहीच नको.

दही खा. योनीत राहणारा लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस विरजणात नसतो.

एक मात्र मान्य करावं लागेल: वारंवार बुरशीचा संसर्ग झालेल्या बायकांत असं दुखणं जास्त दिसतं. पण आग म्हणजे जंतूच, हे चूक. 2015 च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, स्पष्ट कारण न सापडता किमान 3 महिने टिकलेलं योनिमुखाचं दुखणं म्हणजे व्हल्व्होडायनिया. डॉक्टर आधी स्राव सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, मग ओल्या कापसाच्या काडीने योनिमुखाभोवती एकेक जागा हलकेच दाबतात. तेवढ्यानेही कळ येत असेल आणि संसर्ग नसेल, तर मेडिकलमधून बुरशीची मलमं आणत राहणं वाया. त्यांनीच कातडी चिडते. अशा वेळी 5 टक्के लिडोकेनचं (जागा बधिर करणारं) मलम, रात्री कमी मात्रेत अमिट्रिप्टिलीन (इथे ते मज्जातंतूंसाठी असतं, नैराश्यासाठी नव्हे) आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, यांतलं काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. व्हिडिओ बघून केगेल (हेच स्नायू आवळायचा व्यायाम) मात्र सुरू करू नका. स्नायू आधीच आवळलेले असतील तर दुखणं वाढतं. आधी ते सैल सोडायला शिकायचं असतं.