डिंगबोचेचा एक दिवस

आज सकाळी संभाजी तलावावर फिरताना परत तोच प्रश्न आला, "मॅडम, म्हणजे तुमचा एव्हरेस्ट बेस कॅम्प झालाच नाही का?" नाही झाला. बेस कॅम्पच्या अलीकडच्या लोबुचे गावातनंच परत फिरले, दादाला घेऊन. आतापर्यंत विचारेल त्याला तोंडी सांगत होते, आता लिहूनच टाकते, कारण माझ्या ओळखीतले दोन ग्रुप एप्रिलमध्ये निघालेत आणि दोघांचे प्रोग्रॅम व्हॉट्सॲपवर बघितल्यापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. दोघांच्याही प्रोग्रॅममध्ये डिंगबोचेला, म्हणजे वाटेवरच्या ज्या गावात उंचीची सवय व्हायला थांबायचं असतं तिथं, एकच रात्र आहे.

आमचं पण तसंच झालेलं. म्हणजे ठरलं होतं तसं नाही, मूळ प्लॅनमध्ये डिंगबोचेला दोन रात्री होत्या. पण लुक्लाचं, म्हणजे जिथनं चालायला सुरुवात होते त्या गावाचं, विमान ढगांमुळं दीड दिवस उडालंच नाही. ऑक्टोबरात गर्दी असते म्हणून बरीचशी विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सोडतात, तिथं आम्ही मध्यरात्री गाडीनं जाऊन पहाटेपासून बसून होतो. परतीची तिकिटं आधीच काढलेली, रजा मोजून घेतलेली. मग आमच्या आयोजकानं वाटेवरच्या नामचे गावात सांगितलं की तुम्ही सगळे फिट दिसताय, डिंगबोचेचा आरामाचा दिवस कमी करू, सगळं ॲडजस्ट होतंय. आम्ही माना डोलावल्या. मीपण डोलावली, हे आधी कबूल करते.

आणि दादा तर आमच्यात सगळ्यात फिट. वय ५१, रोज पहाटे दहा किलोमीटर पळणार, कळसूबाई दोनदा, नळदुर्गच्या किल्ल्यावर पाठीवर बारा किलोची सॅक घेऊन प्रॅक्टिस. सहा महिने आम्ही दोघं बिल्डिंगचे जिने चढलो-उतरलो. पण हे सगळं पाय आणि दम तयार करतं, उंचीचं काय? आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, कळसूबाई १६४६. आणि लुक्लाला विमानातनं उतरलो तेव्हाच आम्ही २८०० च्या वर होतो. उंचीचा त्रास कुणाला होणार हे फिटनेसवरनं सांगता येत नाही, पळणाऱ्याला होतो आणि कधी कधी ढेरीवाल्याला काहीच होत नाही. उलट फिट माणूस भराभर चढतो आणि दुखलं तरी सांगत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं.

वरच्या हवेतपण ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब कमी होतो, त्यामुळं बेस कॅम्पला, म्हणजे ५३६४ मीटरवर, एका श्वासात इथल्या जवळजवळ निम्माच मिळतो. शरीर ते सावरून घेतं, श्वास वाढतो, लघवी जास्त होते, पण त्याला दिवस लागतात आणि ते दिवस पैसे देऊन विकत मिळत नाहीत. म्हणून ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र परत त्याच गावात काढायची असं डॉक्टर सांगतात. आता आमचा हिशोब बघा. तेंगबोचे ३८६०, दुसऱ्या दिवशी डिंगबोचे ४४१०, तिसऱ्या दिवशी थेट लोबुचे, ४९०० च्या वर. दोन दिवसांत हजार मीटर, तेही नेमकं जिथं थांबायला पाहिजे होतं तिथं न थांबता.

आरामाचा दिवस म्हणजे लॉजवर पत्ते कुटायचा दिवस नाही बरं का. नामचेला आम्ही त्या दिवशी चार-पाचशे मीटर वर चढून परत खाली झोपायला आलो, एव्हरेस्ट पहिल्यांदा नीट तिथंच दिसलं, निळ्या आभाळात मागं काळं टोक आणि त्यावरनं उडणारा बर्फाचा धूर. दादा किती वेळ नुसता उभा होता, हात जोडून. (आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, बेस कॅम्पवरनं एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही, त्यासाठी जवळची काला पत्थर ही टेकडी चढावी लागते.)

लोबुचेला संध्याकाळी दादा जेवला नाही. मी घरनं आणलेली शेंगाचटणी डाळभातावर घातली, एरवी ती बघून दोन घास जास्त जाणारा माणूस, ताट सरकवलं. डोकं दुखतंय का विचारलं तर म्हणाला, "काय नाही गं, दमलोय जरा, झोपतो की." नंतर कळलं की डोकं डिंगबोचेपासनंच दुखत होतं, गोळ्या खाऊन दाबलेलं. रात्री नऊला बाथरूमला निघाला तर बुटाची लेस बांधता येईना. वाकून बसलेला, दोन्ही हातात लेस धरलेली, आणि नुसता तिच्याकडं बघत होता, जणू पुढं काय करायचं हेच विसरला. मी गाईडला बोलावलं. त्यानं दादाला फळीच्या रेषेवर टाचेला बोट लावून चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला दादा भिंतीवर गेला. बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या मशीनवर ६१ टक्के. गाईड माझ्याकडं वळून एवढंच म्हणाला, "दीदी, नीचे. अभी." सकाळची वाट बघू का म्हटलं तर नाहीच म्हणाला. त्या मुलाचे उपकार मी फेडू शकत नाही.

दादाचा एक हात गाईडच्या खांद्यावर, दुसरा आमच्या पोर्टरच्या, आणि मी पुढं बॅटरी घेऊन. तो पोर्टर दिवसभर आमचं पंचवीसएक किलो ओझं वाहून आलेला, जेवण अर्धं टाकून उठला, एक शब्द बोलला नाही. थुक्लाच्या खिंडीत एव्हरेस्टवर गेलेल्या लोकांच्या स्मारकांचे दगड रचलेत, येताना आम्ही तिथं नमस्कार करून फोटो काढले होते. रात्री बॅटरीच्या उजेडात एकेक दगड पुढं यायला लागला तेव्हा मी फक्त सिद्धेश्वराचं नाव घेत होते.

फेरीचेला, ४३७१ मीटरवर, हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, १९७३ पासनं. डॉक्टरनी ऑक्सिजन लावला, डेक्साचं, म्हणजे सूज उतरवायचं, इंजेक्शन दिलं, आणि म्हणाले मेंदूला सूज यायला लागली होती. पहाटे दादानं डोळे उघडून माझं नाव घेतलं. सकाळी हेलिकॉप्टरनं काठमांडू. ६००० मीटरपर्यंत हेलिकॉप्टर धरणारी पॉलिसी आम्ही वेगळी काढली होती म्हणून, नाहीतर लाखांची गोष्ट आहे, तेवढी पॉलिसी नक्की काढा. आणि फेरीचे, डिंगबोचे बाजूला असाल तर सीझनमध्ये या दवाखान्यात दुपारी उंचीच्या आजारावर फुकट माहिती देतात, ती ऐका. आम्ही घाईत ऐकली नाही.

डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल, सगळे विचारतात. तिचा उपयोग होतो, पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, आणि गोळी घेतली म्हणून दिवस कमी करता येतो असं नाही. त्रास वाढला तर खरं औषध खाली उतरणं, तेही लगेच.

मला राग त्या आयोजकाचा आहे, पण त्याहून जास्त त्या प्रश्नाचा आहे. "झालं का नाही" एवढंच विचारणारे आपणच असतो, म्हणून दादासारखा माणूस डोकेदुखी लपवतो. वहिनीनं त्याला दारात बघितलं तेव्हा तिनं बेस कॅम्पचं नाव काढलं नाही.

दोन्ही ग्रुपवाल्यांना सांगते, लुक्लाच्या विमानासाठी दोन दिवस जास्तीचे हातात ठेवा आणि डिंगबोचेला दोन रात्री मागून घ्या, आयोजक नाही म्हणाला तर आयोजक बदला. आमची डाउन जॅकेटं, स्लीपिंग बॅगा, काठ्या सगळं घरात पडून आहे, कुणाला पाहिजे तर खुशाल न्या. येताना फक्त दिवसांचा तक्ता घेऊन या, दादा स्वतः बसून बघणार आहे.