पावती आणा, नाहीतर शेजाऱ्याचा रिपोर्ट बघा

बाबांचा रक्ताचा रिपोर्ट आणायला लॅबमध्ये गेलो. पावती घरी राहिलेली. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "पावतीशिवाय मिळणार नाही. पेशंटची प्रायव्हसी असते." पटलं. भर उन्हात घरी आलो, पावती सापडली, तर तिच्यावरच खाली रिपोर्टची लिंक छापलेली! म्हटलं, आता कोण परत जातंय. टाइप करताना शेवटचा आकडा चुकला, 3 च्या जागी 4 पडला.

आणि समोर कुणा भलत्याच बाईंचा रिपोर्ट. नाव, वय, मोबाइल नंबर, थायरॉइड, साखर, सगळं. लॉगिन नाही, ओटीपी नाही. घाईघाईने बंद केला.

अरे, रिपोर्टला ओळीने नंबर देता आणि तोच लिंकमध्ये घालता? एकेक आकडा वाढवत बसलं की अख्ख्या गावाची साखर कळेल. याला हॅकिंग म्हणायचं? सातवीतलं पोरगं करेल. मी कोड लिहूनच पोट भरतो, म्हणून जास्त डोकं फिरलं. मागणारा कोण आणि हा रिपोर्ट त्याला बघायचा हक्क आहे का, एवढं सर्व्हरने प्रत्येक वेळी विचारायचं असतं. नुसती लिंक लांबलचक करूनही भागत नाही, कारण ती फॉरवर्ड होते. ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या धोक्यांच्या यादीत हा प्रकार 2017 मध्ये पाचवा होता, 2021 मध्ये पहिला आला. भले शाब्बास!

लॅबला फोन केला. उत्तर काय? "सर, पण तुम्ही नंबर बदललाच कशाला?"

घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी. वर म्हणे, "आमची साइट सेक्युअर आहे, कुलपाचं चिन्ह येतं बघा." अहो, ते कुलूप वाटेत कुणी डोकावू नये म्हणून. इथे तुम्हीच दारात उभं राहून येईल त्याला वाटताय, त्याला कुलूप काय करणार? 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीला 250 कोटींपर्यंत दंड लिहिलाय, हे सांगितलं. "व्हेंडरशी बोलतो," म्हणाले.

आज सकाळी बाबांचीच लिंक आईच्या फोनवर टाकून पाहिली. काहीही न विचारता उघडली. बदल मात्र झालाय हां. रिपोर्टवर आता तिरक्या लाल अक्षरांत 'गोपनीय' असं येतं.