बायको पुण्यात, म्हणून फॉर्मवर 'सिंगल'?

टॅक्सचा हंगाम आला की अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो: 'जोडीदार भारतात आहे, त्याला सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी ओळख क्रमांक) नाही, तर सिंगल म्हणून फाइल करा. मूल असेल तर हेड ऑफ हाउसहोल्ड (एकट्याने घर चालवणाऱ्यांसाठीचं स्टेटस) लावा, रिफंड जास्त येतो.' नुकत्याच आलेल्या पोरांचं यात खरंच नुकसान होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं, 'सिंगल'. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, 31 डिसेंबरला तुमचं लग्न झालेलं होतं की नाही, एवढंच पाहते. 28 डिसेंबरला नाशकात बोहल्यावर चढलात तरी त्या अख्ख्या वर्षासाठी तुम्ही विवाहित. जोडीदाराचा व्हिसा अडकलाय, हे कारण चालत नाही. विवाहितांना सहसा दोनच वाटा: जॉइंट (दोघांचं एकच रिटर्न) किंवा सेपरेट (प्रत्येकाचं वेगळं).

दुसरं, 'नंबर नाही'. त्यासाठीच आयटीआयएन, म्हणजे फक्त टॅक्सपुरता ओळख क्रमांक असतो. डब्ल्यू-7 फॉर्म रिटर्नसोबत जोडून तो मागता येतो. अमेरिकेत राहिलेल्या दिवसांच्या हिशोबाने तुम्ही स्वतः टॅक्ससाठी रेसिडेंट असाल, तर परदेशातल्या जोडीदारालाही रेसिडेंट धरा, असं दोघांच्या सहीचं निवेदन देऊन जॉइंट भरता येतं.

आता 'रिफंड जास्त'. 2025 सालचा पगार 1,00,000 डॉलर, जोडीदाराला उत्पन्न नाही, असं धरा. स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट) सिंगलला 15,750, जॉइंटला 31,500. फेडरल टॅक्स सिंगलने सुमारे 13,450 डॉलर, जॉइंटने सुमारे 7,740. हेड ऑफ हाउसहोल्ड लावलं तरी 9,980 च्या आसपास. म्हणजे खोटं लिहायचं आणि वर 5,700 डॉलर जास्त भरायचे! त्यात बायकोचं नि बाळाचं विमानाचं तिकीट निघून पैसे उरतील.

हेड ऑफ हाउसहोल्डबद्दलच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, आणि तिथेच लोक फसतात. जोडीदार नॉनरेसिडेंट असेल तर या स्टेटसपुरतं तुम्हाला अविवाहित धरलं जातं. पण घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भार तुमच्यावर हवा आणि पात्र मूल निम्म्याहून जास्त वर्ष तुमच्या घरात राहिलेलं हवं. आईजवळ पुण्यात राहणारं मूल इथे चालत नाही, आणि बायको स्वतः तर नाहीच.

तरीही जॉइंट डोळे झाकून लावू नका. ते निवेदन दिलं की जोडीदाराचं भारतातलं उत्पन्नही अमेरिकी रिटर्नमध्ये येतं: पगार, घरभाडं, एफडीचं व्याज, सगळं. शिवाय रिटर्नमधल्या चुकीची जबाबदारी दोघांवर पडते. त्याचा किंवा तिचा तिकडे चांगला पगार असेल तर दोन्ही आकडे काढून बघा. सेपरेटमध्ये शिक्षणाच्या क्रेडिटसारख्या काही सवलती जातात, तेही त्या हिशोबात धरा.

आधीच सिंगल भरून बसला असाल तर 1040-एक्स या दुरुस्तीच्या फॉर्मने सहसा तीन वर्षांच्या आत जॉइंट करता येतं. उलट दिशेने मात्र नाही: 15 एप्रिलची मुदत टळली की जॉइंटचं सेपरेट होत नाही.