ग्लासगोचा कोळसा: 'भारताने एकट्याने करार बुडवला' या दाव्यात किती तथ्य?

'२०२१ मध्ये ग्लासगोला सगळं जग कोळसा बंद करायला तयार होतं, भारताने एकट्याने शेवटच्या क्षणी करार बुडवला.' संयुक्त राष्ट्रांची वार्षिक हवामान परिषद (२०२१ ची ग्लासगोत झाली) जवळ आली की हा संदेश पुन्हा फिरू लागतो. त्याचे तुकडे एकेक करून तपासू.

'शेवटच्या क्षणी.' हे खरं आहे. १३ नोव्हेंबरला समारोपाच्या बैठकीत पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी दुरुस्ती वाचून दाखवली: कोळशावरची वीज टप्प्याटप्प्याने 'बंद' करण्याऐवजी 'कमी' करावी. स्वित्झर्लंड, मेक्सिको, फिजी, मार्शल बेटे यांनी तिथेच नाराजी व्यक्त केली. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांनी माफी मागितली, तेव्हा त्यांचा कंठ दाटून आला होता. ज्यांची जमीन समुद्रात जाते आहे त्या देशांसमोर ऐन वेळी मसुदा बदलला गेला. ही टीका भारताने ऐकून घ्यायलाच हवी.

'एकट्याने.' इथे दावा कोसळतो. तीनच दिवस आधी, १० नोव्हेंबरला, अमेरिका आणि चीनने संयुक्त निवेदन काढलं होतं. त्यात चीनच्या कोळशासाठी 'कमी करणे' हाच शब्दप्रयोग होता. दुरुस्ती वाचण्याआधी अमेरिका, चीन, युरोपीय संघ आणि भारत यांचे प्रतिनिधी शर्मांसोबत बसले होते. नंतर खुद्द शर्मांनी जाब मागितला तो चीन आणि भारत दोघांकडे.

शिवाय या परिषदांत मतदान होतच नाही. मतदानाचा नियम आजवर मंजूर झालेला नाही, सगळं सर्वसहमतीवर चालतं. म्हणजे नाराज देशांपैकी कोणीही ठाम हरकत घेतली असती तर मजकूर अडला असता. त्यांनी ती घेतली नाही, कारण एकत्र मंजूर व्हायच्या त्याच मजकुरांच्या संचात कार्बन बाजाराचे (देशांमधल्या उत्सर्जन-कपातीच्या खरेदी-विक्रीचे) नियम आणि अनुकूलनासाठीचा, म्हणजे हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठीचा, निधी दुप्पट करण्याचं आवाहनही होतं. कोळशाच्या एका ओळीसाठी ते पणाला लावणं बेटांना परवडणारं नव्हतं. यातून भारताने काय केलं यापेक्षा दुबळ्या देशांचे हात किती बांधलेले असतात हेच जास्त दिसतं.

'करार बुडवला.' करार मंजूर झाला. आधीच्या मसुद्यातली ओळही संदेशात सांगतात तितकी कडक नव्हती. 'बंद करण्याच्या दिशेने प्रयत्नांना गती द्यावी' असं ते आवाहन होतं. त्यात वर्ष नव्हतं, आणि कार्बन पकडण्याची सोय नसलेली कोळशाची वीज तेवढीच त्यात येत होती. तेल आणि वायू त्या ओळीत नव्हतेच. जीवाश्म इंधनांच्या (कोळसा, तेल, वायू) 'अकार्यक्षम' अनुदानांचा उल्लेख तेवढा होता. पुढच्या वर्षी इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या परिषदेत भारतानेच सगळी जीवाश्म इंधनं टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. युरोपीय संघाने पाठिंबा दिला, तरी अंतिम मजकुरात तो आला नाही. २०२३ मध्ये दुबईत सर्व जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याची भाषा आली तेव्हा कुठे ही उणीव थोडी भरली.

भारताला जाब विचारायचाच असेल तर तो ग्लासगोच्या एका क्रियापदावरून विचारू नये. पंतप्रधानांनी तिथे २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमतेची घोषणा केली. ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अधिकृत उद्दिष्टात तो आकडा नाही. तिथे बिगर-जीवाश्म वाटा ५० टक्के आहे, आणि तोही स्थापित क्षमतेतला, म्हणजे उभारलेले प्रकल्प जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतात त्यातला. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत मोठा वाटा आजही कोळशाचाच आहे, कारण सौर पॅनेल रात्री वीज देत नाही आणि साठवणुकीच्या बॅटऱ्या अजून पुरेशा नाहीत. म्हणून सरकारची पुढची घोषणा ऐकताना आकडा क्षमतेचा आहे की निर्मितीचा, हे आधी पाहावं.