फ्यूजला व्होल्टेज कळत नाही: घरगुती ॲम्प्लिफायरबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशकातल्या हौशी ॲम्प्लिफायरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: "घरी बनवलेल्या ऑडिओ सेटच्या पॉवर सप्लायला ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन म्हणजे पैसे पाण्यात. नाशिकच्या उशाशी एकलहऱ्याचं थर्मल वीजकेंद्र आहे, इथे व्होल्टेज स्थिर असतं. फ्यूज असतोच, वर एक एमओव्ही (व्होल्टेजचा झटका गिळणारा भाग) टाकली की झालं. आतलं सगळं रेग्युलेटर आयसी (व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवणारी चिप) सांभाळते. आणि एसएमपीएस (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी येणारा हलका स्विचिंग पॉवर सप्लाय) वापरत असाल तर एवढंही नको."

गणपती-नवरात्राच्या आधी कितीतरी मुलं मंडळासाठी, भजनासाठी स्वतः सेट बांधायला घेतात. हा मेसेज वाचून त्यांनी प्रोटेक्शनचे भाग यादीतून काढून टाकले तर नुकसान त्यांच्या खिशाला होईल, आणि एखाद्या वेळी आगही लागेल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

एकलहऱ्याचा मुद्दा आधी. तिथले २१० मेगावॅटचे तीन संच वीज ग्रिडला देतात, तुमच्या गल्लीला नाही. घरातलं व्होल्टेज ठरतं ते जवळच्या डीपीवर (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर), तिथून येणाऱ्या तारेच्या लांबीवर आणि न्यूट्रलच्या जोडांवर. आपल्याकडचे डीपी सहसा ११ केव्हीवरून ४३३ व्होल्ट करणारे असतात. ४३३ ला १.७३२ ने (तीनच्या वर्गमुळाने, कारण लाइन थ्री-फेज) भागलं की फेज-न्यूट्रलमध्ये २५० येतात. म्हणजे रात्री लोड उतरल्यावर डीपीजवळच्या घरात २३० च्या जागी २४५-२५० दिसले तर तो बिघाडसुद्धा नव्हे. निफाड-दिंडोरीकडे शेतातले पंप एकदम बंद झाले की मीटरचा आकडा कसा वर सरकतो, ते तिकडच्यांना सांगायला नको.

आता हे २५० आपल्या सेटमध्ये काय करतात ते बघा. २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टला, लोड असताना, प्रत्येक रेलवर (सेटला वीज देणाऱ्या अधिक आणि उणे वाटेवर) साधारण ३३ व्होल्ट डीसी देतो. म्हणून बरेच जण ३५ व्होल्टचे फिल्टर कपॅसिटर (डीसी सपाट करणारे) लावतात. २५० व्होल्टला, गाणं बंद असताना, त्याच रेल ३९ च्या आसपास जातात, कारण लोड नसला की ट्रान्सफॉर्मर स्वतःच सात-आठ टक्के जास्त देतो. कपॅसिटर मर्यादेच्या बाहेर गेला, आणि ॲम्प्लिफायरची आयसी टीडीए ७२९४ असेल तर तिची कामाची हद्द, म्हणजे अधिक-उणे ४०, हाताच्या अंतरावर आली. कुठेही बिघाड नसताना हे होतं. इथे ५० व्होल्टचा कपॅसिटर हेच पहिलं प्रोटेक्शन. त्यात काटकसर करू नका.

खरा घात न्यूट्रल तुटल्यावर होतो. थ्री-फेज लाइनचा न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर लोड कमी, त्या घरांत व्होल्टेज चढतं. ३०० सहज ओलांडतं आणि वाईट वेळी ४०० च्या जवळ पोचतं. हा क्षणभराचा झटका नसतो. वायरमन येऊन जोड करेपर्यंत तो तसाच चालू राहतो.

अशा वेळी फ्यूज काय करतो? बहुतेकदा काहीच नाही. फ्यूज करंटने तापतो, व्होल्टेजने नाही. गाणं बंद असलेला सेट ३०० व्होल्टलाही थोडाच करंट घेतो. त्यातून ५ बाय २० मिलिमीटरच्या काचेच्या फ्यूजकडून अपेक्षाच अशी असते की रेटिंगच्या दीडपट करंट त्याने तासभर तरी सोसावा. २ अँपिअरचा फ्यूज ३ अँपिअरला तासभर टिकतो, तो काही दोष नाही. बिचारा उडतो तोपर्यंत आयसी शॉर्ट झालेली असते, किंवा ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी कोअर सॅच्युरेट होऊन (त्याची चुंबकीय क्षमता संपून) प्रायमरी, म्हणजे मेनकडची गुंडाळी, तापलेली असते. तारेला आग लागू नये म्हणून फ्यूज हवाच, पण आयसी वाचवणं त्याच्याकडून होणार नाही.

एमओव्हीबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडते, सातपूर-अंबडच्या लाइनवर मोठ्या मोटारी चालू-बंद होतात, तेव्हा येणारे मायक्रोसेकंदांचे झटके गिळायला एमओव्हीच लागते. पण ती काय पातळीवर आवरते ते बघा. आपण सर्रास लावतो ती १४डी४३१के २७५ व्होल्ट एसीची असते, आणि ५० अँपिअरचा झटका आला तर तिच्या टोकांवर ७१० व्होल्टपर्यंत उभे राहू शकतात. ट्रान्सफॉर्मरला ते क्षणभर चालतं. न्यूट्रल गेल्यावर मात्र ही एमओव्ही प्रत्येक सायकलला वाहू लागते, तापते आणि शेवटी शॉर्ट होते.

नाशिकरोडच्या बाजूच्या एका कॉलनीत न्यूट्रल गेल्यानंतर माझ्याकडे आलेला एक सेट सांगतो. झाकण उघडताच जळका वास आला. इनपुटची निळी एमओव्ही मधोमध फुटलेली, तिच्याखालचा बोर्ड काळा पडलेला, आणि त्या काळ्या भागातून फेज-न्यूट्रलच्या दोन ट्रॅकमध्ये मीटर काही किलोओहम दाखवत होता. म्हणजे जळलेला बोर्डच आता वीज वाहून नेत होता. फ्यूज मात्र शाबूत, कारण एमओव्ही फ्यूजच्या आधी, थेट सॉकेटच्या पायांवर सोल्डर केलेली होती. क्रम असाच हवा: आधी फ्यूज, मग एमओव्ही, आणि जमल्यास एमओव्हीला चिकटून थर्मल फ्यूज. तोही फेजच्या वाटेत. न्यूट्रल तुटण्यावरचा खरा उपाय सेटच्या बाहेर आहे: मेन बोर्डात बसवायचा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं की तो लाइन तोडतो आणि ठीक झाल्यावर थोडा वेळ थांबून परत जोडतो. टीव्ही-फ्रिजही त्यानेच वाचतात.

"रेग्युलेटर सांभाळतो" या वाक्यावर जरा जास्त थांबतो, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे. ७८१५ या १५ व्होल्टच्या रेग्युलेटरला इनपुटवर ३५ व्होल्टपर्यंतच चालतं. मुख्य रेल ३९ ला गेली आणि तुम्ही ७८१५ थेट तिच्यावर टांगला असेल तर पहिला बळी तोच. असा रेग्युलेटर अनेकदा आतून इनपुट-आउटपुट शॉर्ट होऊन मरतो. मग प्रीॲम्पच्या टीएल ०७२ या ऑपॅम्प आयसीवर १५ ऐवजी अख्खी रेल येते. तिची हद्द अधिक-उणे १८. टोन कंट्रोलचा बोर्ड, ब्लूटूथ मोड्यूल, सगळं एका झटक्यात जातं.

यावर क्रोबार लावायचा, म्हणजे व्होल्टेज चढलं की रेल मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवणारं सर्किट. १५ व्होल्टच्या आउटपुटवर बीटी १५१ हा एससीआर (गेटला इशारा मिळाला की चालू होऊन तसाच राहणारा स्विच) आडवा टाका: ॲनोड रेलला, कॅथोड ग्राउंडला. रेलपासून गेटपर्यंत १६ व्होल्टचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजनंतर उलटा वाहणारा डायोड), १एन४७४५. गेट आणि कॅथोडमध्ये १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, म्हणजे किरकोळ खरखरीला तो उगाच पेटणार नाही. रेल साधारण पावणेसतराला गेली की एससीआर पेटतो आणि रेल जमिनीला टेकवतो. ७८१५ चं आउटपुट १४.४ ते १५.६ मध्ये असतं, त्यामुळे चांगल्या सप्लायवर एससीआर पेटत नाही. उणे रेलला हेच उलट: ॲनोड ग्राउंडला, कॅथोड उणे १५ ला, झेनर ग्राउंडपासून गेटपर्यंत.

इथे बरेच जण फ्यूजची जागा चुकवतात. तो फिल्टर कपॅसिटर आणि रेग्युलेटर यांच्या मध्ये हवा, ५०० मिलिअँपिअर फास्ट. नुसता प्रायमरीला ठेवला तर भरलेला कपॅसिटर आपली सगळी ऊर्जा मेलेल्या रेग्युलेटरमधून एससीआरमध्ये ओततो आणि प्रायमरीच्या फ्यूजला पत्ताही लागत नाही. दुसरं, एकच रेल पडली तर ऑपॅम्पचं आउटपुट एका बाजूला झुकून बसू शकतं. म्हणून स्पीकरच्या वाटेत डीसी प्रोटेक्शनचा रिले (आउटपुटला डीसी आला की स्पीकर तोडणारा) ठेवा, यूपीसी १२३७ आयसीवाला चालेल.

कुणी विचारेल, टीव्हीएस डायोड (क्षणिक झटके आवरणारा डायोड) का नको? पी६केई१८ए हा डायोड पूर्ण झटक्यात २५ व्होल्टला आवरतो, आणि त्याचे ६०० वॅट मिलिसेकंदापुरते असतात. रेग्युलेटर शॉर्ट झाला तर तो सतत सोसणार नाही. जोडीला ठेवा, क्रोबारच्या जागी नको.

राहिला एसएमपीएस. त्याचा इनपुट कपॅसिटर बहुधा ४०० व्होल्टचा असतो आणि ४०० व्होल्ट एसीचं शिखर ५६५ च्या पुढे जातं, म्हणजे न्यूट्रल गेल्यावर तोही सुटत नाही. शिवाय फीडबॅकचा ऑप्टोकप्लर (आउटपुटची खबर प्रकाशाने इनपुटकडे पोचवणारा भाग) किंवा त्याच्या वाटेतला एखादा रेझिस्टर उघडला की आउटपुट बेलगाम चढू शकतं. टीपीए ३११६ या ॲम्प्लिफायर आयसीच्या बोर्डांना सगळे २४ व्होल्ट देतात. तिची कामाची हद्द २६, त्याच्या वर ३० ला कायमचं नुकसान. एवढ्या अरुंद जागेत स्वस्त एसएमपीएसवर डोळे मिटून विसंबणं मला पटत नाही.

खर्च म्हणाल तर झेनर, एससीआर, रेझिस्टर आणि फ्यूज होल्डर मिळून एका मोठ्या फिल्टर कपॅसिटरच्या किमतीत बसतात. लावल्यावर तपासायला विसरू नका. रेग्युलेटर आणि प्रीॲम्पचा बोर्ड काढून ठेवा, १५ व्होल्टच्या रेलला बेंच सप्लाय (व्होल्टेज-करंट हवा तसा ठेवता येणारा) जोडा, त्याची करंट मर्यादा अर्ध्या अँपिअरवर आणा आणि १५ पासून व्होल्टेज हळूहळू वाढवा. पावणेसतराच्या आसपास आकडा धाडकन एका व्होल्टजवळ पडला पाहिजे. साडेसतरापर्यंत पडला नाही तर झेनर बदला, आणि मगच बोर्ड जोडा.