घरच्या मैदानावर हरल्यावर कसं वागावं : ठाण्यातल्या मँचेस्टर युनायटेडभक्तांसाठी काही सूचना

इंग्लिश फुटबॉल लीगचा नवा सीझन, पहिलीच मॅच, घरचं मैदान, समोर आर्सेनल, आणि आपण 0-1 हरलो. 17 ऑगस्ट 2025, रविवार रात्र. ज्यांनी पदरचे पैसे घालून ओल्ड ट्रॅफर्डमध्ये बसून हे पाहिलं, ते चरफडत ट्राम पकडून घरी गेले असतील आणि सोमवारी कामावर हजर झाले असतील. आपण पडलो ठाणेकर. आपल्याला इतकं मिळमिळीत वागून कसं चालेल? घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसात त्या रात्री जे थोर वर्तन पाहिलं, त्यावरून काही सूचना लिहून ठेवतोय. पुढच्या पराभवाला उपयोगी पडतील. तो फार लांब नसतो हे काय मी सांगायला हवं? पुढच्याच मॅचला फुलहॅमविरुद्ध आपण हुकवलेली पेनल्टी काढत नाही. आपल्याला लीग कपमधून बाहेर काढणाऱ्या छोट्याशा ग्रिम्सबीचं तर घरात गणपती असताना नावही घेऊ नये.

तर, तयारी मॅचच्या आधी आठवडाभर सुरू करावी. ‘यंदा लीग आपलीच’ असा मेसेज सकाळी फिरणाऱ्या फुलांच्या फोटोंच्या मधोमध टाकावा. कुन्या, एम्बेउमो आणि शेश्को या तिघा नव्या खेळाडूंवर मिळून सुमारे 20 कोटी पौंड खर्च झालेत हे असं सांगावं की जणू चेक आपणच फाडला. रुपयांत दोन हजार कोटींच्या वर जातात हो! लिफ्टच्या दुरुस्तीचं कोटेशन महाग आहे म्हणून जे सभासद मीटिंगमागून मीटिंग अडवून धरतात, तेच त्या रात्री ‘अजून एक मिडफिल्डर घ्यायलाच पाहिजे, पैशाकडे बघू नका’ असं छाती पुढे काढून सांगत होते. गेल्या सीझनला आपण 15वे आलो होतो, ही आठवण काढणाऱ्याला निगेटिव्ह म्हणावं आणि दुसरी कॉफी देऊ नये.

गोल बसला की दोषी ठरवायला एका मिनिटाहून जास्त वेळ लावू नये. 13व्या मिनिटाला आर्सेनलला कॉर्नर मिळाला, डेक्लन राइसनं बॉल थेट गोलच्या तोंडावर टाकला, आपला कीपर बायंदिर गर्दीत अडकला, त्याचा हात नीट लागला नाही आणि कालाफिओरीनं अगदी जवळून डोकं लावलं. यावर ‘कीपरवर उघड उघड फाऊल होता’ हे एक मत आणि ‘या कीपरला उद्याच्या उद्या विका’ हे दुसरं. ही दोन्ही मतं एकाच माणसानं एकाच दमात मांडायची असतात. मग इटलीच्या कीपरला, डोनारुम्माला घ्या म्हणावं. कुणालाही घ्या म्हणावं. खेळाडूंचा बाजार उघडा असला की बोलायला काय जातंय?

एक्सजी म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर तो शब्द जास्त वेळा वापरावा.

क्लबच्या मालकांना, म्हणजे ग्लेझर मंडळींना शिव्या घालायला विसरू नये. ते 2005 पासून ऐकताहेत, मध्येच बंद केल्या तर त्यांना चुकल्यासारखं होईल.

70व्या मिनिटाला उठून जावं. ओल्ड ट्रॅफर्डमधले लोक लवकर उठतात ते गर्दी टाळायला. आपल्याला लिफ्टनं चौथ्या मजल्यावर जायचं असतं, पण ताठ मानेनं असं निघावं की जणू गायमुखला ट्रॅफिक तुंबलाय. जाताना ‘हे आता सुधारणार नाहीत’ एवढंच म्हणावं. मग घरी जाऊन गुपचूप मोबाइलवर उरलेली मॅच बघावी.

प्रशिक्षकाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे नवखे चुकतात. पहिली मॅच हरल्यावर अमोरिमला काढा म्हणायचं, हे सगळ्यांनाच जमतं. पण ते ठामपणे म्हणायचं असेल तर डोक्यात काहीही शिल्लक असता कामा नये. थोडी जरी आठवण राहिली तर पंचाईत होते. म्हणजे असं बघा. 2014 मध्ये प्रशिक्षक व्हॅन हालची पहिली लीग मॅच, घरच्याच मैदानावर, स्वॉन्सीनं 2-1 हरवलं. सीझन संपला तेव्हा आपण चौथे. 2020 मध्ये पहिल्या मॅचला क्रिस्टल पॅलेसनं आपल्याच घरात येऊन तीन गोल घातले. शेवटी आपण दुसरे! 2022 मध्ये टेन हागच्या पहिल्या मॅचला ब्रायटननं तसंच 2-1 केलं. त्या वर्षी आपण तिसरे आलो आणि लीग कपही आणला. आणि गेल्या वर्षी? गेल्या वर्षी पहिली मॅच, घरचं मैदान, फुलहॅम, 87व्या मिनिटाला झर्कझीचा गोल, आपण जिंकलो, क्लबहाउसात पेढे वाटले. शेवटी 15वे. पेढे कुणी आणले होते ते मला माहीत आहे, नाव घेत नाही.

म्हणजे पहिल्या मॅचवरून काही कळतं म्हणावं, तर युनायटेडच्या बाबतीत उलटंच कळतं. हरलो की चौथे, दुसरे, तिसरे. जिंकलो की 15वे. हे मी त्या रात्री हाफटाइमला सांगायला गेलो, तर ‘तू आर्सेनलवाला आहेस का?’ असं विचारलं. बरं, आर्सेनलचंच घ्या. 17 ऑगस्ट, तारीखही तीच, साल 2013. त्यांच्या घरी पहिल्या मॅचला ॲस्टन व्हिलानं त्यांना 3-1 झोडलं, आणि त्यांचं पब्लिक प्रशिक्षक वेंगरच्या नावानं ओरडत होतं की पैसे खर्च कर, खेळाडू घे. पुढच्या मे महिन्यात त्यांनी एफए कप जिंकला, नऊ वर्षांचा दुष्काळ संपवला. तेव्हा वेंगरच्या नावानं ओरडणारे त्या दिवशी कुठे होते? मिरवणुकीत, सगळ्यात पुढे. आणि आपल्या फर्ग्युसनसाहेबांबद्दल तर बोलायलाच नको. 1986 च्या नोव्हेंबरात प्रशिक्षक म्हणून आले, पहिला करंडक 1990 च्या मेमध्ये. मधल्या काळात, 1989 च्या डिसेंबरात, आता पुरे, घरी जा अशा अर्थाचा फलक याच ओल्ड ट्रॅफर्डमध्ये लोकांनी झळकावला होता. आज त्याच माणसाच्या नावानं तिथे स्टँड आहे, बाहेर पुतळा आहे, आणि आमच्या बी विंगमध्ये एकाच्या दारावर त्याचा फोटो गणपतीच्या फोटोशेजारी आहे. तर अशा आठवणी काढू नयेत. त्यानं राग ओसरतो, आणि राग ओसरला तर मग मॅच बघितलेलीच काय?

आपण 22 शॉट मारले, त्यांनी 9, हेही कुणी बोलू नये.

व्हॉट्सॲप ग्रुपवर शोक किमान आठवडाभर चालवावा. त्या आठवड्याचा पाऊस आठवतोय ना? सोमवारी शाळा मधूनच सोडल्या, मंगळवारी सीएसएमटी ते ठाणे लोकल बंद, अर्धी सोसायटी कुठे ना कुठे अडकलेली. कुणाची आई कुर्ल्याला अडकली म्हणून एकीनं मेसेज टाकला, की त्या बाजूनं कुणी येतंय का? त्याच्या खाली लगेच दुसरा मेसेज : ‘कासेमिरो फारच संथ झालाय.’ याला म्हणतात निष्ठा. बाय द वे, तेव्हा आपली आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू होणार की नाही याचाही पत्ता नव्हता, खेळाडूंचे पगार थांबल्याच्या बातम्या येत होत्या. त्यावर ग्रुपवर किती मेसेज आले? जाऊ दे. तो आपला विषय नाही. आपला विषय मँचेस्टर.

कीपरच्या इन्स्टाग्रामवर जाऊन मराठीत शिव्या घालाव्यात. बायंदिर तुर्की माणूस, त्याला मराठी कळत नाही, याची चिंता नको. हल्ली भाषांतराचं बटण असतं. त्याच्या आईचा उल्लेख करावा, धर्माचा करावा, खाली हसणारे इमोजी टाकावेत, आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकावा म्हणजे बाकीच्यांना स्फूर्ती मिळते. दोनच दिवस आधी, 15 ऑगस्टला, लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर पाहुण्या संघाच्या सेमेन्योला प्रेक्षकातून कुणीतरी वर्णावरून शिवी दिली, मॅच थांबवावी लागली, तेव्हा याच ग्रुपवर ‘लिव्हरपूलवाले असेच, त्यांना संस्कारच नाहीत’ अशी चर्चा झाली होती. आता संस्कार कुणाकडे आहेत ते स्क्रीनशॉटमध्ये दिसतंच आहे. तुमची नावंही दिसताहेत, बरं का. डीपीत मुलीला कडेवर घेतलंय तोही फोटो दिसतोय.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. शत्रू ओळखावा आणि तो हाताच्या अंतरावर असेल असा निवडावा.

त्या रात्री क्लबहाउसात चाळीसेक माणसं, सगळी लाल शर्टात, बरेचसे स्टेशन रोडवरच्या फर्स्ट कॉपीत, आणि मधोमध एकच मुलगा आर्सेनलच्या शर्टात. सातवीतला. सहाव्या मजल्यावर भाड्यानं राहतात ते. मॅचचा मेसेज ग्रुपवर बघून आईनं पाठवलं होतं, आणि रिकाम्या हातानं नाही, स्टीलच्या डब्यात कोथिंबीर वड्या भरून. हाफटाइमपर्यंत डबा साफ झाला होता. तेरा मिनिटांनी गोल झाला तेव्हा पोरानं दोन टाळ्या वाजवल्या, मग आजूबाजूला बघून हात मांडीखाली घेतले. उरलेली सगळी मॅच तो तसाच बसला होता. हात खाली, पाय जुळवून. शेवटची शिट्टी झाली आणि आमच्यातल्या तिघांना सापडला तो. ‘ए, तुला इथे कुणी बोलावलं?’ ‘काका, ग्रुपवर मेसेज होता.’ ‘ग्रुप ओनर्सचा आहे. क्लबहाउसही ओनर्सचं आहे. मेंटेनन्स कोण भरतं?’ चाळिशी उलटलेली माणसं ही! एक बँकेत आहे, एकाचं स्वतःचं वर्कशॉप आहे. पोरगं काही बोललं नाही. ते खुर्च्यांखाली वाकून वाकून बघत होतं, कारण डबा परत न्यायचा होता आणि झाकण सापडत नव्हतं. झाकण एकाच्या पायाखाली होतं. त्यानं पाय उचलला नाही.

पोरानं जाताना स्वतःची खुर्ची घडी करून भिंतीला लावली. बाकी खुर्च्या, वडापावचे कागद, चहाचे पेले, सगळं तसंच टाकून शोकाकुल मंडळी वर गेली. अकरा वाजून गेले होते. वॉचमनकाका गेट सोडून आत आले आणि एकेक खुर्ची उचलायला लागले. मी मदतीला गेलो तर म्हणाले, ‘राहू द्या साहेब, आज सगळे नाराज आहेत.’

नाराज! कशावर नाराज? 38 मॅचपैकी एक झाली होती. तुम्ही एक पेनल्टी घ्यायला गेला नाहीत, एक कॉर्नर अडवला नाही, तिकिटाला एक पौंड घातला नाही, आणि घरी बसून इतकं दुःख झालं की बारा वर्षांच्या पोराला भाडेकरू म्हणून हाकललंत? आदल्याच दिवशी आपल्या ठाण्यात दहा थर लागले. तुम्ही सगळे बघायला गेला होतात, रील टाकलेत. एखादा थर कोसळला की खालच्या गोविंदाची आई काढता का? पाणी मारता, ‘पुन्हा लावा’ म्हणून ओरडता. मग हीच अक्कल चोवीस तासांत कुठे जाते? आर्सेनलवर राग होता तर लंडनला जायचं होतं. अमोरिमवर होता तर त्याला पत्र लिहायचं होतं. तुम्हाला राग काढायला सातवीतलं पोर आणि वॉचमन सापडले, कारण ते उलट बोलणार नाहीत हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. एवढीच तुमची मर्दुमकी. याला फुटबॉलचं प्रेम म्हणू नका. ऑफिसातला साहेब बोलला असता तरी तुम्ही हेच केलं असतं, फक्त अंगावर शर्ट वेगळा असता.

त्या दिवसापासून ते पोर खाली खेळायला आलेलं नाही. गणपतीत लहान मुलांची चित्रकला स्पर्धा झाली, त्यातही नव्हतं. आई लिफ्टमध्ये भेटली की मान हलवते, बोलत नाही.

उद्या, शनिवारी, साडेसातला बर्नली. आठला आरती आहे, तेव्हा पहिला हाफ अर्धाच बघायला मिळेल, ते ठीक आहे. त्याआधी तुम्ही तिघं सहाव्या मजल्यावर जा, पोराला आणि त्याच्या बापाला खाली बोलवा, आणि वड्यांबद्दल त्या बाईंना धन्यवाद म्हणा. इन्स्टाग्रामवरचं जे आहे ते काढून टाका. मॅच झाल्यावर खुर्च्या आपल्या आपण लावा. जमत नसेल तर आपापल्या घरी मोबाइलवर बघा, कारण प्रोजेक्टर माझा आहे आणि तो माझ्या कपाटात कुलपात आहे.