वॉट जास्त म्हणून कार्ड भारी? ३०६० विरुद्ध ४०६० च्या तक्त्याला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर एक तक्ता फिरतोय. डावीकडे एनव्हिडियाचं गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, उजवीकडे पुढच्या पिढीचं आरटीएक्स ४०६०. मेमरी १२ जीबी विरुद्ध ८, बस (चिप आणि मेमरीमधल्या रस्त्याची रुंदी) १९२ बिट विरुद्ध १२८, कुडा कोअर (चिपमधली हिशोब करणारी छोटी युनिट) ३५८४ विरुद्ध ३०७२, पॉवर १७० वॉट विरुद्ध ११५. चारही ओळींत डावीकडे हिरवी खूण, उजवीकडे लाल फुली. खाली निकाल: 'नवीन कार्ड म्हणजे शुद्ध फसवणूक. जुनं ३०६० शोधा, कुठल्याही लोकल एसएमपीएसवर चालतं.' (एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा.) असले तक्ते मी उघडतही नाही. पण हा माझ्या भाच्याने पाठवला आणि खाली लिहिलं, 'मामा, एक सेकंडहँड ३०६० बघून ठेवलंय, टोकन देऊ का?' मग मात्र बसावं लागलं.

आकडे खरे आहेत. एनव्हिडियाच्या स्पेसिफिकेशनच्या पानावर ते जसेच्या तसे सापडतात. घोळ त्या हिरव्या खुणांत आहे.

सगळ्यात आधी वॉट, कारण एवढा अचाट मुद्दा बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता. '१७० वॉट म्हणजे जास्त पॉवरफुल.' अहो, तो आकडा कार्ड किती वीज खातं आणि किती उष्णता बाहेर टाकतं याचा आहे. घरातला गीझर २००० वॉटचा असतो, मग त्यावरच खेळा की गेम! २०१० सालचं जीटीएक्स ४८० तब्बल २५० वॉटचं होतं, मेमरी दीड जीबी. तक्त्याच्या हिशोबाने ते या दोघांच्याही वर बसायला हवं. ३०६० ची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रोसेसवर बनली, ४०६० ची टीएसएमसीच्या आणखी बारीक ४एन प्रोसेसवर. त्यामुळे ४०६० मध्ये ट्रान्झिस्टर जास्त (१२०० कोटींच्या जागी १८९० कोटी), क्लॉक म्हणजे चिपचा वेग जास्त (१.७८ गिगाहर्ट्झच्या जागी २.४६), आणि तरीही वीज ५५ वॉट कमी. लाल फुली नेमकी इथेच! (वीजबिलात मोठी बचत होते, असंही कोणी सांगू नये. रोज चार तास खेळलं तर महिन्याला साडेसहा युनिटच्या आसपास फरक पडेल. तेवढ्याने कोणी श्रीमंत होत नाही.)

इथवर नुसता विनोद होता. 'कुठल्याही लोकल एसएमपीएसवर चालतं' हे मात्र धोक्याचं आहे. एनव्हिडिया दोन्ही कार्डांसाठी ५५० वॉटचा पीएसयू (म्हणजे तोच एसएमपीएस) सुचवते. स्वस्त कॅबिनेटबरोबर जो डबा येतो त्यावर '४५० वॉट' ठळक छापलेलं असतं, पण ते वाचू नका. बाजूच्या स्टिकरवर +१२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा आणि १२ ने गुणा. तिथे १६ अँपिअर असतील तर झाले १९२ वॉट. त्यातले १७० एकटं ३०६० मागणार, आणि प्रोसेसरही त्याच लाइनवर जेवायला बसलेला. उरले २२. त्यात अशा डब्याला कार्डाला वीज देणारी ८ पिनची पीसीआय वायर बहुधा नसतेच, मग दुकानदार मोलेक्सचा (जुन्या ४ पिनच्या जोडणीचा) कनव्हर्टर काढून देतो. ८ पिनच्या त्या जोडणीतून १५० वॉटपर्यंत ओढ असू शकते. जुन्या मोलेक्सच्या बारीक वायरी त्यासाठी नाहीत. कनेक्टर वितळतो, आणि डबा जाताना सोबत मदरबोर्डही नेऊ शकतो. तक्ता बनवणाऱ्याचं यात काही जात नाही.

कोअरचं थोडक्यात. ३५८४ हे ३०७२ पेक्षा जास्त, बरोबर. पण वेगवेगळ्या पिढ्यांचे कोअर असे मोजून चालत नाही. २०१८ च्या आरटीएक्स २०८० टीआयमध्ये ४३५२ कोअर होते, २०२० च्या ३०७० मध्ये ५८८८. कोअर ३५ टक्के वाढले, कामगिरी मात्र जवळपास तेवढीच. कारण अँपिअर पिढीपासून (हे विजेचं माप नव्हे, ३०६०-३०७० च्या पिढीचं नाव) मोजायची पद्धतच फुगली. कोअरला क्लॉकने आणि वर दोनने गुणलं (प्रत्येक कोअर एका ठोक्याला दोन हिशोब करतो), तर कागदावर ३०६० चे होतात सुमारे १२.७ टेराफ्लॉप्स (सेकंदाला इतके लाख कोटी हिशोब) आणि ४०६० चे १५.१.

बसच्या रुंदीचं तसंच. बिट भागिले आठ, गुणिले मेमरीचा वेग, की झाली बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो ते. ३०६०: १९२ भागिले ८ गुणिले १५, म्हणजे सेकंदाला ३६० जीबी. ४०६०: १२८ भागिले ८ गुणिले १७, म्हणजे २७२. इथे ४०६० मागे आहे, मान्य. पण त्याची एलटू कॅशे (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) २४ एमबी आहे, ३०६० ची ३ एमबी. बरीचशी मागणी चिपमध्येच भागते, मेमरीपर्यंत जावंच लागत नाही. १४४०पी रिझोल्यूशनच्या वर मात्र ही कॅशे कमी पडू लागते. आणि नुसती रुंदीच बघायची तर २०१३ च्या रेडिऑन आर९ २९०एक्सची बस ५१२ बिटची होती. घ्या मग तेच.

१०८०पीवर फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम एआयने बनवून घालणं) न वापरता ४०६० हे ३०६० पेक्षा २० टक्के वेगवान, असं एनव्हिडिया म्हणते. कंपनी स्वतःचं कौतुक करणारच. पण स्वतंत्र चाचण्यांतही १०८०पीवर ४०६० च पुढे राहिलं.

राहिली मेमरी. इथे त्या तक्त्याला अर्धे गुण द्यावे लागतात, जिवावर येतं तरी. २०२३ साली नव्या कार्डात ८ जीबी देणं हा कद्रूपणाच होता. अल्ट्रा टेक्स्चर लावले की काही नव्या गेममध्ये ८ जीबी भरतात, उरलेला माल मदरबोर्डच्या रॅममधून आणावा लागतो आणि खेळ अडखळतो. ४०६० ला पीसीआयच्या लेनही (कार्ड आणि मदरबोर्डमधल्या डेटाच्या वाटा) आठच, त्यामुळे पीसीआय ३.० च्या जुन्या बोर्डावर हा फटका आणखी बसतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मोठे सीन रेंडर करायचे किंवा एआय मॉडेल घरच्या मशीनवर चालवायची, तर १२ जीबीचं ३०६० आजही कामाचं आहे. भाचा यातलं काही करत नाही. तो १०८०पी मॉनिटरवर व्हॅलोरंट हा हलका गेम खेळतो.

आणि ज्यांना तरीही ३०६० च हवंय त्यांनी एवढं बघा. 'आरटीएक्स ३०६०' याच नावाने एनव्हिडियाने २०२२ च्या अखेरीस ८ जीबीचं कार्डही आणलं. त्याची बस १२८ बिट, बँडविड्थ सेकंदाला २४० जीबी, म्हणजे ४०६० पेक्षाही कमी. तक्त्यातल्या पहिल्या दोन हिरव्या खुणा तिथेच गळतात, पण निकालाच्या ओळीत नुसतं '३०६०' लिहिलंय. टोकन देण्याआधी विकणाऱ्याला जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडायला सांगा आणि बस विड्थच्या रकान्यात १९२ आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. भाच्याने विचारलं, तर समोरून उत्तर आलं, 'भाऊ, ३०६० म्हणजे ३०६०च असतं.'